ज्वालामुखीच्या पायथ्याशी जिवतीचा शुक्रवार

नव्वदीच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या बे एरियात येऊन बिऱ्हाडं मांडलेल्या आम्हा मराठी मंडळींची सहलींची यादी ठरलेली असे. भारतातून कुणाचे आईवडील आले की त्यांना आधी गोल्डन गेट दाखवायचा. पुढच्या शनिवारी माँटेरे आणि तिथला सतरा मैलांचा समुद्रकाठचा रस्ता. सोमवारची सुट्टी जोडून आली तर योसेमिटी, आणि पैसे साठले की डिस्नीलँड. फोटो काढायच्या जागासुद्धा ठरलेल्या. आमचे आणि शेजाऱ्यांचे अल्बम कुणी अदलाबदल केले असते, तर फक्त साड्यांवरून ओळख पटली असती.

लॅसन व्होल्कॅनिक नॅशनल पार्क या यादीत कधीच नव्हतं. आमच्यापैकी कुणी ते नावही ऐकलेलं नव्हतं. ते आमच्यापर्यंत आणलं पोरांनी. आमची रविवारची मराठी शाळा भरायची ती बाराखडी, श्लोक आणि एक गोष्ट एवढ्या शिदोरीवर. मधल्या सुट्टीत मुलं अर्थातच इंग्रजीवर उतरायची. अशाच एका सुट्टीत खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग घालून केलेल्या शाळेतल्या ज्वालामुखीवरून वाद पेटला. कुणाचा जास्त उंच उडाला वगैरे. तेव्हा दातांना तारा लावलेली एक मुलगी शांतपणे म्हणाली की खराखुरा ज्वालामुखी आपल्याच राज्यात आहे, आणि तिथे गाडीने जाता येतं. तिच्या पुस्तकात नकाशा होता. पुढच्या रविवारी तिने तो आणला. मग बाराखडी बाजूलाच राहिली.

आम्ही आईबाप चकित झालो, कारण मुलीची माहिती बरोबर होती. १९१४च्या मे महिन्यात लॅसन शिखर जागं झालं आणि १९१७पर्यंत थांबून थांबून धुमसत राहिलं. २२ मे १९१५ या दिवशी त्यातून उठलेला राखेचा खांब ३०,००० फुटांच्याही वर गेला आणि राख वाऱ्याबरोबर पार नेवाडातल्या विनेमका गावापर्यंत पोचली. १९८० साली माउंट सेंट हेलेन्स फुटेपर्यंत, अलास्का आणि हवाई सोडले तर अमेरिकेतला हाच शेवटचा उद्रेक होता. शिखर पेटलेलं असतानाच, ९ ऑगस्ट १९१६ रोजी, सरकारने तिथे राष्ट्रीय उद्यान केलं. हे मला आजही भारी वाटतं. आपल्याकडे असतं तर आधी देऊळ झालं असतं.

ठरलं १९९९च्या ऑगस्टमध्ये जायचं. डझनभर मुलं, त्यांना सांभाळायला चार-पाच घरची मोठी माणसं, भाड्याच्या दोन मोठ्या व्हॅन, आणि माझ्या सासूबाई. त्या जुन्नरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. गोल्डन गेट, माँटेरे सगळं पाहून झालं होतं आणि त्या आता कंटाळल्या होत्या. ‘ज्वालामुखी बघायला येता का?’ असं विचारल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, ‘शुक्रवारी असू ना तिथं?’ मला अर्थ कळला नाही. त्यांनी कालनिर्णय पुढे केलं. बुधवारी, ११ तारखेला, दिव्यांची अवस होती. त्याच दिवशी भारतात संध्याकाळी सूर्यग्रहणही होतं. इथून ते दिसणार नव्हतं, म्हणून पाळायचं नाही हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. गुरुवारी श्रावण लागत होता. म्हणजे शुक्रवार श्रावणातला पहिला, जिवतीचा. आणि डझनभर पोरं आयती समोर असताना जिवतीची पूजा चुकवायला त्या काही तयार नव्हत्या.

निघायच्या आधीच्या रात्री स्वयंपाकघरात उभ्याने बैठक झाली. धपाटे कुणी, लसणाची चटणी कुणी, चिवडा कुणी. तंबूत कसं राहायचं याचा अनुभव शून्य, त्यामुळे सगळी भिस्त खाण्यावर. मी प्रेशर कुकर घेतला. त्यावर मुलांनी एकमताने हरकत घेतली. कॅम्पिंगला कुणी कुकर नेत नाही, असं त्यांचं म्हणणं. ती सगळी शाळेबरोबर, स्काउटबरोबर तंबूत राहून आलेली होती. खुंट्या कशा ठोकायच्या, दोऱ्या कुठे ताणायच्या, रात्री बुटात काय शिरू शकतं, हे त्यांना माहीत. आम्ही शिकलेली, नोकऱ्या करणारी माणसं या विषयात पार बिगरीत होतो. सहल मुलांची म्हणून काढली होती, पण कोण कुणाला नेत होतं हे त्या रात्रीच दिसायला लागलं होतं.

शुक्रवारी भल्या पहाटे निघालो. पाच तासांच्या रस्त्याला आम्ही नऊ तास लावले. पाच नंबरचा हायवे उत्तरेकडे सरळ, सपाट, रुक्ष जातो. ऑगस्टमध्ये रेडिंगच्या आसपास पारा चाळिशी गाठतो. पोरं पेंगली. जाग्या फक्त सासूबाई. विलियम्सच्या पुढे त्या एकदम सरसावून बसल्या. ‘अगं, भात!’ खरंच भात होता. सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात मैलोन्‌मैल भातखाचरं आहेत. आम्ही वर्षानुवर्षं कॅलिफोर्नियाचा तांदूळ खात होतो आणि तो कुठे पिकतो हे पाहिलं नव्हतं. ‘लावणी कोण करतं एवढ्याची?’ त्यांनी विचारलं. मागच्या सीटवरून झोपाळलेला आवाज आला, ‘आजी, विमानातून टाकतात बी.’ शाळेत शिकवलं होतं म्हणे. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पोरगं थापा मारत नव्हतं, तिथे भात विमानानेच पेरतात. पुढे कितीतरी वेळ त्या खिडकीतून आकाशाकडे बघत होत्या.

रेडिंगहून ४४ नंबरचा रस्ता पूर्वेला डोंगरात चढतो आणि तासाभरात हवा बदलते. मँझनिटा तळ्याकाठची तंबूंची जागा समुद्रसपाटीपासून ५,९०० फुटांवर आहे. उंच पाइन, खाली सुयांचा थर, आणि तळ्याच्या पलीकडे आग्नेयेला लॅसनचं शिखर. १०,४५७ फूट. ऑगस्टमध्येही वर पांढरे पट्टे. मुलं जराशी नाराज झाली, कारण त्यांच्या मनातल्या ज्वालामुखीला वरती वाडगं असतं आणि कडेने लाल रंग ओघळत असतो. हा नुसता राखाडी, ओबडधोबड गोळा होता. पण म्हणूनच तो वेगळा आहे. इतका घट्ट लाव्हा की त्याला वाहताच आलं नाही, जिथून बाहेर आला तिथेच फुगत गेला आणि घुमट झाला. अशा जातीच्या घुमटांमध्ये लॅसन जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. ज्वालामुखींचे मुख्य चार प्रकार मानतात आणि या एका उद्यानात चारही आहेत. पोरांनी रात्रीपर्यंत ते पाठ केले. शिळोप्याच्या गप्पांत त्यांची नावं मोठ्यांना विचारून आम्हाला नापास करण्याचा खेळही लगेच सुरू झाला.

तंबू मुलांनी लावले. आम्हा नवरा-बायकोचा तंबू दोनदा पडला आणि अखेर नऊ वर्षांच्या मुलाने येऊन उभा केला. रेंजरीणबाईंनी येऊन ताकीद दिली की इथे अस्वलं आहेत, वासाची कुठलीही वस्तू तंबूत ठेवायची नाही. खाणं नाही, साबण नाही, टूथपेस्ट नाही. सासूबाईंनी विचारलं, ‘उदबत्ती?’ मुलांची गंभीर चर्चा झाली. उदबत्तीही नाही असं ठरलं.

त्या संध्याकाळची पूजा माझ्या आठवणीत सगळ्यात ठसठशीत आहे. जिवतीचा छापील कागद सासूबाईंनी जुन्नरहून येतानाच ट्रंकेत घालून आणला होता. वरती नरसिंह, कालियावरचा कृष्ण, मधे पोरांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, खाली हत्ती-वाघावरचे बुध-बृहस्पती. लाकडी टेबलावर डबा उभा करून त्याला तो टेकवला. हळदकुंकू, कापसाची वस्त्रं, चणे-फुटाणे, दूध-साखर सगळं बरोबर. राहिली होती फक्त आघाडा-दुर्वांची माळ. आघाडा तिथे कुठला? त्यांनी शेजारच्या झुडपाची चार पानं घ्यायला हात लांबवला, तोच दोन मुली किंचाळल्या. ‘आजी, नाही! नॅशनल पार्क आहे! पान तोडायचं नाही!’ एकीने नियमाचा कागदच आणून दाखवला. सासूबाईंचा हात तिथेच थांबला. जुन्नरला कुणी असं अडवलं असतं तर त्याची धडगत नव्हती. इथे त्या म्हणाल्या, ‘बरं बाई. देवाचंच आहे ते, झाडावरूनच वाहिलं.’ आणि त्या झुडपालाच हळदकुंकू लावायला निघाल्या. तेही चालणार नाही, असं कळलं.

मग औक्षण. पुरण मी घरूनच शिजवून बर्फाच्या खोक्यातून आणलं होतं. त्याचे दिवे झाले, तुपाच्या वाती लागल्या. आडव्या पडलेल्या ओंडक्यावर सगळी पोरं ओळीने बसली. स्वेटर, कानटोप्या, गुडघ्यांवर माती. वारा होता. एक काकू चादर धरून उभी राहिली, तिच्या आडोशाला एकेक पोर येऊन ओवाळून घेऊन जायचं. त्यात शेजारच्या तंबूतला एक सोनेरी केसांचा मुलगाही येऊन ओळीत बसला होता. त्यालाही ओवाळलं. नंतर पुरणाचे दिवे खायचे असतात हे कळल्यावर तो पुन्हा ओळीच्या शेवटी जाऊन बसला.

जी मुलं समोर नाहीत त्यांच्या नावाने चारी दिशांना अक्षता टाकायच्या, अशी जिवतीची रीत आहे. सासूबाईंची दोन नातवंडं पुण्यात होती. ‘भारत कुठल्या अंगाला?’ त्यांनी विचारलं. एका बाबांनी पूर्वेला बोट दाखवलं, दुसऱ्यांनी पश्चिमेला. दोघेही इंजिनियर. तेव्हा एका मुलाने होकायंत्र काढलं आणि सांगितलं की सर्वांत जवळचा रस्ता उत्तरेकडून आहे, ध्रुवाच्या जवळून. त्याच्या खोलीत पृथ्वीचा गोल होता आणि त्यावर त्याने दोरा ताणून बघितलं होतं. तो बरोबर होता. आम्ही अर्ध्या पृथ्वीच्या पलीकडे राहत होतो, त्यामुळे पुणं जवळजवळ सरळ उत्तरेला येत होतं. सासूबाईंनी उत्तरेला अक्षता टाकल्या. मग बाकीच्या तीन दिशांनाही टाकल्या. शास्त्र ते शास्त्र.

शेकोटीवर कणसं भाजली, तिखट-मीठ-लिंबू लावलं. अवसेला दोनच दिवस झाले होते, त्यामुळे चंद्रकोर लवकर मावळली, आणि दरवर्षी ऑगस्टच्या मध्याला होणारा पर्सीड उल्कांचा वर्षाव अजून ओसरला नव्हता. स्लीपिंग बॅगांत मानेपर्यंत शिरून सगळे उताणे पडले. सुरुवातीला प्रत्येक उल्केला आरडाओरडा झाला, मग नुसतं ‘तिकडे’, मग बोटंही उचलायची बंद झाली. रात्री केव्हातरी डब्यांचा खडखडाट ऐकू आला. ते अस्वल होतं की रॅकून, यावर त्या मुलांत आजतागायत एकमत नाही.

शनिवारी सकाळी मी खिचडी लावली. पहाटेच्या त्या शांततेत कुकरची पहिली शिटी अशी घुमली की आजूबाजूच्या तीन तंबूंच्या चेन सरसर उघडल्या. मुलांनी चेहरे स्लीपिंग बॅगांत लपवले. त्यांच्या लाजेचं निवारण करायला माझ्या नवऱ्याने शास्त्रीय व्याख्यान दिलं. दर हजार फुटांना पाणी साधारण एक अंश कमी तापमानाला उकळायला लागतं. इथे ते चौऱ्याण्णवच्या आसपासच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली, की दाब वाढतो आणि पाणी जास्त तापतं. ‘मग ज्वालामुखीच्या खाली पण कुकर आहे?’ सर्वांत धाकट्याने विचारलं. नवरा खूश झाला. आज तेच बघायला जायचं होतं.

बंपस हेल नावाच्या त्या जागेची हकिकत आदल्या दिवशी मुलांनी वाचून ठेवली होती. केंडल बंपस नावाच्या माणसाने १८६०च्या दशकात ती शोधली. बघायला आलेल्यांना तो बजावत असे की वरची साय पातळ आहे, पाऊल जपून टाका. आणि असं बजावतानाच त्याचा स्वतःचा पाय त्या सायीतून खाली उकळत्या चिखलात गेला. पाय पुढे कापावा लागला. मुलांना ही गोष्ट अत्यंत आवडली. दीड मैलाच्या वाटेवर त्यांनी ती सासूबाईंना तीनदा सांगितली, प्रत्येक वेळी पाय थोडा जास्त वर कापून.

सासूबाई नऊवारीत, पायात माझे बूट. वाट आठ हजार फुटांवरून जाते, मोठा चढ नाही. हेलन तळं मागे टाकलं. हे नाव हेलन टॅनर ब्रॉट या बाईंवरून पडलंय. १८६४ साली लॅसनच्या शिखरावर पोचलेली ती पहिली स्त्री. चित्रकला शिकवायची. कुणीतरी हे वाचून दाखवल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न, ‘लुगड्यातच चढली असेल ना? म्हणजे त्यांच्यातल्या?’ बहुधा घोळदार झग्यातच असणार. त्यांना त्या बाईबद्दल आदर वाटला आणि त्यांची चाल वाढली.

वास आधी येतो. सडक्या अंड्यांचा, असं सगळी पुस्तकं सांगतात. पण जन्मात अंड्याला हात न लावलेल्या बाईला ती उपमा काय कामाची? त्यांनी एकदा खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, ‘पादेलोणाची खाण आहे का इथं?’ रसायनाच्या दृष्टीने अगदी अचूक निदान, दोन्हीकडे गंधकाचा तोच वायू. मुलांनी तो शब्द पहिल्यांदाच ऐकला होता. उरलेल्या वाटेवर त्यांना हसू आवरेना.

वळणानंतर खाली सगळं उघडं पडतं. पांढरी, पिवळी, गंजकी लाल जमीन, मधून लाकडी फळ्यांची वाट, आणि ठिकठिकाणी वाफेचे लोट. राखाडी चिखलाचे खड्डे चुलीवरच्या पिठल्यागत रटरटत होते. एका डबक्यावर काळपट सोनेरी तवंग होता. ते पायराइट, लोह आणि गंधक. कोपऱ्यातल्या ‘बिग बॉयलर’ नावाच्या भोकातून वाफ गर्जत बाहेर पडत होती. तिचं तापमान एकदा १६१ अंश सेल्सिअस मोजलं गेलंय. वरच्या उतारांवर पडलेलं बर्फाचं आणि पावसाचं पाणी खोल मुरतं, काही किलोमीटर खाली असलेल्या तप्त खडकाच्या शेगडीवर तापतं आणि भेगांतून वाफ होऊन वर येतं. आठ हजार फुटांवर, बर्फाचे पट्टे जवळ असताना, पायाखाली असं काही चाललंय हे बघताना मोठी माणसंही गप्प झाली होती.

गप्प नव्हती ती मुलं. ती कामावर होती. त्यांना ज्युनियर रेंजरची पुस्तिका भरायची होती आणि त्यात एक काम होतं की आपल्या गटाला नियम समजावून सांगा. आम्ही तो गट. ‘काका, रेलिंगवर बसायचं नाही.’ ‘काकू, ते ॲसिड आहे.’ ‘आजी, फळीवरच राहायचं, माझा हात धर.’ आपल्याकडच्या माणसांना पाटी वाचायची सवय नसते. रंगवणाऱ्याने कष्ट घेतले असतील म्हणून फार तर एक नजर टाकायची. या मुलांना पाटी दिसली की ती पूर्ण वाचावीच लागे, मोठ्याने, आणि पाळावीही लागे. सात वर्षांच्या पोरीचं बोट धरून सासूबाई त्या अख्ख्या फळीवाटेने फिरल्या. घरी जी मुलगी त्यांच्याशी दोन वाक्यं बोलायची नाही, ती इथे एकेका डबक्यापाशी थांबून मोडक्या मराठीत व्याख्यान देत होती. शब्द अडला की हातवारे. सासूबाई प्रत्येक ठिकाणी ‘अगोबाई’ म्हणत होत्या, आणि मला ठाऊक आहे, त्यातले निम्मे ‘अगोबाई’ पोरीसाठी होते.

दुपारी तळ्याकाठच्या लूमिस संग्रहालयात ज्युनियर रेंजरचे बिल्ले मिळायचे होते. बेंजामिन लूमिस हा तिथला फोटोग्राफर. १४ जून १९१४ रोजी याच तळ्याजवळून त्याने उद्रेकाचे एकामागोमाग एक फोटो काढले, काचेच्या प्लेटांवर. त्याची एकुलती एक मुलगी मे तरुणपणी गेली. तिच्या आठवणीसाठी १९२७ साली त्याने आणि त्याच्या बायकोने ही दगडी इमारत बांधली. सासूबाई त्या फोटोंपेक्षा या माहितीपाशी जास्त रेंगाळल्या. मुलं रेंगाळली ती कुत्र्याच्या गोष्टीपाशी. १९ मे १९१५च्या रात्री बर्फ वितळून चिखलाचा लोंढा हॅट क्रीकच्या खोऱ्यात उतरत असताना एल्मर सोराहान नावाच्या शेतकऱ्याला त्याच्या कुत्र्याने जागं केलं, आणि तो शेजाऱ्यांना उठवायला धावत सुटला. त्या कुत्र्याचं नाव काय, असं मुलांनी रेंजरला खोदून खोदून विचारलं.

शपथेची वेळ आली. उजवा हात वर करून रेंजरमागोमाग म्हणायचं. तेव्हा मुलांनीच पुढे होऊन सांगितलं की आमची आजीपण सगळं चाललीय आणि तिने एकही पान तोडलं नाही, तिलापण बिल्ला द्या. रेंजर हसला नाही. सासूबाईंना त्याने रीतसर रांगेत उभं केलं. तो इंग्रजीत एकेक वाक्य म्हणायचा, दातांना तारा लावलेली ती मुलगी मराठी करायची, सासूबाई हात वर करून मराठीत शपथ घ्यायच्या. झाडं जपीन, प्राणी जपीन, शिकत राहीन. मग स्वेटरवर बिल्ला. जुन्नरला परत गेल्यावर त्या तो लावून भिशीला गेल्याचं पुढे पत्रातून कळलं.

रविवारी १५ ऑगस्ट. कुणीतरी सनीवेलच्या दुकानातून कागदी तिरंगे आणले होते. तळ्याकाठी राष्ट्रगीत झालं. मधल्या ओळी बहुतेक मुलांनी गुणगुणून निभावल्या. मग सामान आवरलं, आणि परतीच्या आधी ओल्ड स्टेशनजवळच्या सबवे केव्हकडे गाड्या वळवल्या. ही उद्यानाच्या हद्दीबाहेर, पण लॅसनच्याच राष्ट्रीय वनक्षेत्रात आहे.

ही गुहा म्हणजे लाव्हाची रिकामी नळी. वीस-पंचवीस हजार वर्षांपूर्वी या हॅट क्रीकच्या खोऱ्यात जमिनीच्या भेगांतून पातळ लाव्हा वाहिला. वरचा थर हवेने थंड होऊन टणक झाला, आतला वाहतच राहिला आणि शेवटी निघून गेला. राहिलं ते सुमारे ४०० मीटर लांबीचं भुयार. बाहेर ऊन कितीही असो, आत आठ अंश. जमीन इतकी खडबडीत की एका दालनाचं नावच ‘स्टबटो हॉल’ ठेवलंय, आणि तिथे एका काकांनी ठेच लागून घेतलीच. मधोमध पोचल्यावर रीत म्हणून सगळ्यांनी विजेऱ्या बंद केल्या. डोळे उघडे की मिटलेले कळू नये असा काळोख. तेवढ्यात एक बारीक आवाज आला. ‘आजी, तू आहेस ना इथे?’ मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारा तो सर्वांत धाकटा. ‘आहे रे बाळा, भिंतीला हात लावून उभी आहे,’ सासूबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, ‘अरे, हा तर आपला काळा दगड!’

विजेऱ्या लागल्या. त्या भिंतीवरून तळवा फिरवत होत्या. ‘आजी, त्याला बसाल्ट म्हणतात.’ ‘म्हणू दे. आमच्याकडे याचेच पाटे-वरवंटे करतात. जातंसुद्धा.’ मग त्या काळोख्या थंडीत त्यांनी लेण्याद्रीची गोष्ट सुरू केली. डोंगराच्या पोटातल्या गुहा, त्यातल्या एकीत गणपती, चढायला तीनशेच्या आसपास पायऱ्या. ‘ती गुहा पण लाव्हाने केली?’ ‘छे! माणसांनी. छिन्नी-हातोड्याने. दीड-दोन हजार वर्षं झाली.’ हे मुलांना पटेना. एवढा कडक दगड हाताने? दोन दिवस ज्वालामुखी पचवलेली मुलं या एका गोष्टीवर थक्क झाली.

तेव्हा माझ्या नवऱ्याने उरलेलं सांगितलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्रात अशाच भेगांतून लाव्हा आला, थरावर थर, आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. सह्याद्रीत तर त्याची जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरपर्यंत. हॅट क्रीकचं खोरं त्यापुढे किरकोळ. आजी जन्मभर ज्वालामुखीच्या दगडावरच चालत आलीय. यावर मुलांची प्रतिक्रिया संतापाची होती. ‘मग आपण एवढ्या लांब कशाला आलो?’ त्याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. (पुढे मी वाचलं की जुन्नर तालुक्यातच, बोरी गावाशी कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडलाय. ती राख सुमात्रातल्या टोबाची असावी असं मानतात, तिच्या वयावरून भूशास्त्रज्ञांत अजून वाद आहे. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, बोरीला माझी मावसबहीण दिलीय.)

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. सगळे झोपले.

२०२१ साली डिक्सी नावाच्या वणव्याने उद्यानाची जवळजवळ सत्तर टक्के जमीन होरपळली. ते दिवस आमच्या त्या मुलांनी एकमेकांना निरोप धाडण्यात घालवले. ती आता पस्तिशीच्या आसपासची, सिअॅटलपासून बॉस्टनपर्यंत पांगलेली. मँझनिटा तळं आणि लूमिसची दगडी इमारत वाचली हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. नंतर त्यांच्यातल्या कुणी मूळच्या मायडू लोकांनी लॅसनला दिलेलं ‘बर्फाचा डोंगर’ या अर्थाचं नाव सांगितलं, कुणी जळलेल्या रानात उगवलेल्या फुलांचे फोटो पाठवले, आणि बघता बघता पुढच्या ऑगस्टचा बेत शिजला. या खेपेला त्यांची मुलं ओंडक्यावर बसतील. जिवतीचा कागद मी पुण्याहून मागवलाय.

आम्हाला काय काय आणायचं आणि कसं वागायचं याची लेखी यादी आली आहे. काका-काकूंनी गाडी चालवायची नाही. तंबू लावायला मदत करायची नाही. पाट्या वाचायच्या. झाडाला हळदकुंकू नाही. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारून लिहिलंय, ‘काकू, कुकर नको.’ बाकी सगळं मी मान्य केलंय. पण सहा हजार फुटांवर उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजत नाही. कुकर मी शालीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी घालणार आहे.